एजंटचं लायसन्स : धोका एकीकडे, पहारा दुसरीकडे

आता लायसन्सचा हा प्रश्न आपण कर्जत-खालापूरच्या जमिनीवर उतरवून बघूया. मध्य रेल्वेची लोकल कर्जतला आणि खोपोलीला संपते. तिथे मुंबईकर सेकंड होम शोधत येतो. त्याला सातबारा वाचता येत नाही, गावची शीव ठाऊक नसते. एजंटला सगळं माहीत, गिऱ्हाइकाला काहीच नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवलं, की माल पारखता येत नसेल तर चांगल्या मालालाही संशयाचाच भाव मिळतो आणि प्रामाणिक विक्रेता बाजारातून उठून जातो. लायसन्सच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

रेरा कायद्यानुसार बिल्डरच्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटला २०१७ पासून नोंदणी लागते. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीला फी १० हजार रुपये, मुदत ५ वर्षं. २०२३ पासून त्यात प्रशिक्षण आणि परीक्षेची भर पडली. विनानोंदणी धंदा केला तर दिवसाला १० हजार दंड. तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

फायदा काय? एजंटला गमवायला काहीतरी असतं. फसवलं तर नोंदणी रद्द होऊ शकते.

आणि किंमत? शंभर सौदे करणाऱ्याला १० हजार म्हणजे सौद्यामागे शंभर रुपये. वर्षाला एखादा सौदा जुळवणाऱ्या गावच्या माणसाला तेच पाच वर्षांत सौद्यामागे दोन हजार पडतात. वर परीक्षेसाठी मोडलेले दिवस वेगळेच. असे लोक बाहेर पडले तर स्पर्धा कमी होते, आणि दलाली वाढली तर ती शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते.

पण खरी मेख पुढे आहे. ही नोंदणी प्रकल्पातल्या विक्रीपुरती. नुसती शेतजमीन विकून देणाऱ्याला ती लागतच नाही. आणि गुंतागुंत तर तिथेच जास्त! शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याची आडकाठी. जमीन आदिवासीची असेल, आणि या दोन तालुक्यांत ठाकूर-कातकरी वस्ती मोठी आहे, तर बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. इथे चूक झाली तर घेणाऱ्याचे पैसे अडकतात, विकणाऱ्याची जमीन जाते.

म्हणून लायसन्स असावं की नसावं, एवढंच विचारून भागत नाही. पहारा धोक्याच्या जागी आहे का, आणि त्याचा भार कोण उचलतंय, हे विचारायला हवं. कर्जत-खालापुरात भार लहान एजंटवर पडतो, आणि सगळ्यात जोखमीचा सौदा मात्र पहाऱ्याबाहेर राहतो. तोवर एजंटचा नोंदणी क्रमांक जरूर बघा. पण तो क्रमांक माणसाचा असतो, जमिनीचा नाही. सातबारा आणि फेरफार वेगळे तपासावेच लागतात.