काय लिहून आलंय?

सकाळी ७.४०

चहाचा पहिला घोट घेतोय तेवढ्यात फोन. "नेट बंद आहे, लगेच या."

"स्क्रीनवर काय लिहून आलंय?"

"काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय हो. तुम्ही याच."

सांगलीत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून मला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत हेच संभाषण किती वेळा झालं याची मोजदाद ठेवलेली नाही. मी फोटो पाठवायला सांगतो. फोटोत ट्यूबलाइटची तिरीप, चिवड्याचा डबा आणि मधोमध क्रोमचा डायनासोर. नेमकी खालची ओळ कापलेली. पण डायनासोर दिसला म्हणजे निम्मं निदान झालं. २०१४ पासून तो क्रोममध्ये आहे, आणि इंटरनेट नसलेल्या आदिम काळात तुम्ही येऊन पडलात, असा बनवणाऱ्यांचा विनोद आहे. स्पेस बार दाबला की तो पळायला लागतो, हे घरातल्या पोरांना माहीत असतं. बापाला नसतं.

"वायफायच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा आहे, तो लाल लुकलुकतोय का?"

"हो की! लाल आहे."

म्हणजे फायबरमधून येणारा उजेडच घरापर्यंत पोचत नाही. रात्री वळीव झाला, कुठेतरी फांदी पडली असणार. केबलवाल्याला फोन करा म्हणून सांगतो. कमाई शून्य, पण पेट्रोल वाचलं.

९.३०, गावभाग

निवृत्त पोस्टमास्तर काकांचं घर. २०१९ च्या महापुरात पहिला सीपीयू गेला, तेव्हापासून नवा सीपीयू टेबलावर, तोही पाटावर ठेवलेला. काकांची तक्रार अशी की बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, पण पत्ते खेळता येतात. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतोय, "बाबा, फॉरमॅट मारून घ्या."

हा 'फॉरमॅट मारा' आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे, आणि तो आम्हीच लावला. निदान करायला डोकं लागतं, फॉरमॅट करायला दोन तास आणि एक पेनड्राइव्ह. गिऱ्हाईकही खूश, काहीतरी मोठं केलं म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत मीही पुष्कळ मारले. त्यात एकाचे लग्नाचे फोटो गेले, तेव्हापासून हात आखडला.

स्क्रीनवर ठसठशीत लिहिलंय की तुमचं कनेक्शन खाजगी नाही. त्याखाली बारीक अक्षरात सर्ट डेट इनव्हॅलिड. काकांना भीती वाटली ती 'खाजगी' या शब्दाची. कुणीतरी पासबुक बघतंय, असं त्यांनी धरलं. मी उजव्या कोपऱ्यात खाली बोट दाखवतो. तारीख १ जानेवारी २०१५.

"काका, टपालावर तारखेचा शिक्का चुकीचा पडला तर?"

"गोंधळ! कोर्टात टिकायचं नाही ते."

मग पुढचं सांगायला सोपं जातं. प्रत्येक संकेतस्थळ आपलं प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवतं आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. कॉम्प्युटर २०१५ सालात बसलाय, त्यामुळे बँकेचं आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच यायचंय. मग तो म्हणतो, हा माणूस खरा कशावरून? पूर्वी ही प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांची निघायची. २०२० पासून मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय.

घड्याळ मागे का गेलं? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. काका शिस्तीचे, रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. बटण चालू असतं तर सेलवर भार आला नसता. रोज रात्रभर तोच जागला आणि थकला. तारीख नुसती सुधारून चाललं नसतं, रात्री बटण बंद झालं की सकाळी परत २०१५. नवा सेल खिशात होताच. काम सात मिनिटांचं, शिस्तीच्या तोट्यांवर काकांशी चर्चा अर्धा तास.

११.१५, विश्रामबाग

प्रवेशाचे दिवस. मुलगी टेबलाशी रडकुंडीला आलेली, आई मागे उभी. अर्जाचं पान उघडत नाही, म्हणजे लॅपटॉप बिघडला, नवा घ्यावा लागतो की काय? स्क्रीनवर ५०४.

आकड्यांचं हे गणित शाळेत शिकवायला हवं असं मला फार वाटतं. चारशेच्या घरातला आकडा आला तर आपल्या मागणीत काहीतरी चुकलंय. ४०४ म्हणजे दार वाजवलं, घर सापडलं, पण मागितलेली वस्तू तिथे नाही. पाचशेच्या घरातला आला तर चूक पलीकडची. ५०४ मध्ये तर पुढच्या खिडकीवरचा माणूस भेटलाय, तो आत निरोप देऊन वाट बघून कंटाळलाय. तहसील कचेरीत गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"मग आता काय करू, काका?" मुलगी विचारते. एफ-५ वरचं बोट काढ, हे पहिलं. तू दाबतेस तशी राज्यभरातली पोरं दाबतायत. पहाटे साडेपाचला उठून भर. आणि फी भरताना असं झालं तर पुन्हा भरायचं नाही, आधी बँकेचा मेसेज बघायचा.

आई विचारते, किती झाले? हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकतो. मी काहीच दुरुस्त केलं नाही, कारण बिघडलेलंच काही नव्हतं. येण्याचे दीडशे सांगतो. "नुसतं बघायचे दीडशे?" त्या म्हणत नाहीत, पण ऐकू येतं.

१ ते २.३०

गुरुवार. आमच्या भागात देखभालीसाठी वीज नाही. जेवण, आणि अंधारात वामकुक्षी.

३ वाजता, वखारभाग

जुनी विंडोज ७ ची मशीन. त्यावर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, पुढची २०२३ मध्ये आली तीच विंडोज १० पासून. साइटी एकेक करून नकार देतायत. इथे दुरुस्ती नाही, निरोप आहे. तो दिला. मालकांनी ऐकून घेतला आणि 'बघू दिवाळीला' म्हणाले.

४.४०

फोन आला तेव्हाच बाईंचा आवाज कापत होता, म्हणून बाकीचं सोडून गेलो. मिरज रस्त्यावरचा फ्लॅट, घरात सून आणि सासूबाई. दुपारी सून पाककृती शोधत होती. एका पानावर टिचकी मारली आणि पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा.

गंमत म्हणावी की काय, हा संदेश तिने अक्षरन् अक्षर वाचला होता. मला आठवून सांगितलाही. खरे संदेश बारीक अक्षरात, कोरड्या भाषेत येतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खोटा मात्र भोंगा घेऊन येतो आणि सगळं घर त्याचं ऐकतं. चूक दाखवणाऱ्या ब्राउझरच्या खऱ्या संदेशात कधीही फोन नंबर नसतो. ही एक गोष्ट मी आता प्रत्येक घरी सांगतो, मग काम प्रिंटरचं का असेना.

तिने फोन केला होता. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला, दुरून ताबा घेणारं एक ॲप टाकायला लावलं, आणि बाण आपोआप हलायला लागला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "हे कोण हलवतंय?" कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी घराचा मेन स्विच पाडला.

सतरा वर्षांत इतका अचूक उपाय मी पाहिलेला नाही.

मी आधी वायफायचा डबा काढून ठेवला, मग मशीन चालू केली. ते ॲप काढलं. ब्राउझरने 'मागची पानं परत उघडू का' विचारलं, त्याला नाही म्हटलं, नाहीतर भोंगा पुन्हा. कुठकुठल्या साइटला सूचना पाठवायची परवानगी दिलीय ती यादी उघडली तर अकरा नावं, त्यातलं एकही तिला ओळखता येईना. सगळी उडवली. पासवर्ड तिच्या मोबाइलवरून बदलून घेतले, बँकेला फोन लावला, खात्यातून काही गेलं नव्हतं. गेलं असतं तर १९३० वर लगेच कळवायचं, तो नंबर फ्रिजवर चिकटवून आलो. पुढच्या वेळी असा पडदा आला तर एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप आणि तिथून ब्राउझर बंद. सासूबाई म्हणाल्या, "स्विच पाडला तरी चालतंय की." चालतंय.

सून सारखी म्हणत होती, मी मूर्खासारखी वागले. तसं नव्हतं ते. संदेश आला तर तो ऐकावा, असंच तर सगळ्यांना वाटत असतं.

७.१०

दुकानात आणून ठेवलेला एक लॅपटॉप. प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड. फुकटात सिनेमे उतरवायचं काहीतरी टाकलेलं, ते काढलं, पण जाताना त्याने वाटेवर उभा केलेला दलाल तसाच राहिला. आता प्रत्येक पान त्या नसलेल्या दलालाकडे जातं आणि रिकाम्या हाती परततं. सेटिंगमधली एक खूण काढली. पाच मिनिटं.

९.२०

जेवायला बसणार तोच माझ्या चौथीच्या बाईंचा फोन. वय ऐंशीच्या पुढे. मी सवयीने विचारतो, "बाई, काय लिहून आलंय?"

"सांगते, लिहून घे. डी, डब्यातला. एन, नळातला. एस. मग खाली आडवी रेघ."

मी मुकाट्याने लिहून घेतो. डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन. नाव देऊन पत्ता मिळवायची जी वही १९८३ पासून इंटरनेटवर आहे, तिच्यात या नावाची नोंदच नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या डोक्यात राउटर, डीएनएसचे आकडे, सगळं फिरायला लागतं.

"वरती अजून एक ओळ आहे," बाई म्हणतात. "पत्त्यात टायपो आहे का बघा, असं म्हणतोय. टायपो म्हणजे लेखनदोष ना रे?"

"हो, बाई."

"थांब मग." चष्मा शोधल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू आवाजात, "महाराष्ट्रात दोन एच असतात. मी एकच टाकलाय."

"मग आता—"

"उघडलं. जेवलास का?"