विद्यापीठांचा नंबर कसा लागतो?

दरवर्षी केव्हातरी वर्तमानपत्रात बातमी येते : अमुक विद्यापीठ जगात तीनशेवे आले, तमुक पाचशेवे, आणि आपले गेल्या वर्षीपेक्षा वीस पायऱ्या खाली घसरले. कुलगुरूंना जाब विचारला जातो. मुलाला कुठे घालावे या विवंचनेत असलेले आईबाप ती यादी कापून ठेवतात. शाळेत नंबर लागतो तसाच हाही नंबर, असे आपण धरून चालतो. पण शाळेत सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच असते आणि ती आपण घरी आणून वाचू शकतो. इथे परीक्षा कोणत्या विषयाची झाली, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आता संशोधन मोजायचे म्हणजे काय करायचे? ज्ञान काही पायलीने मापता येत नाही. म्हणून त्याच्या खुणा मोजतात. संशोधकाला जे सापडले ते तो निबंध लिहून नियतकालिकात छापतो. पुढचा कोणी त्या निबंधाचा आधार घेतो, तेव्हा तळटीपेत त्याचा उल्लेख करतो. या उल्लेखांची एक खातेवही मांडावी, ही कल्पना युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थाने 1955 साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. अमेरिकेतल्या वकिलांजवळ अशा वह्या आधीपासून होत्या. एखादा निवाडा पुढे कुठे कुठे आधाराला घेतला गेला, हे त्यांत पाहता येई. गारफील्डने तीच युक्ती विज्ञानाला लावली. हेतू सरळ होता : एका निबंधावरून दुसऱ्याचा माग लागावा. पण वही हाती आल्यावर बेरीज करण्याचा मोह कुणाला आवरतो? कुणाचे उल्लेख किती, हे मोजता मोजता माणसांचे, नियतकालिकांचे आणि शेवटी विद्यापीठांचे वजन होऊ लागले.

2003 साली शांघायच्या जिआओ टोंग विद्यापीठाने जगातल्या विद्यापीठांची यादी काढली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत 100 पैकी 30 गुण नोबेल पारितोषिक व गणितातले फील्ड्स पदक मिळवणारे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी होते. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोनच नियतकालिकांतल्या निबंधांना 20 गुण. हे आकडे वरून पडलेले नाहीत, कुणीतरी बसून ठरवलेले आहेत. ठरवणारा बदलला की नंबर बदलतो.

याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत.

2010 साली ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ या लंडनच्या पत्राच्या यादीत इजिप्तमधले अलेक्झांड्रिया विद्यापीठ 147वे आले, आणि संशोधनाच्या प्रभावात तर जगात चौथे! लोक चक्रावले. चौकशी करता दिसले, की हे सारे बहुतांशी एका लेखकाच्या एकाच नियतकालिकातल्या निबंधांमुळे झाले होते, आणि त्या नियतकालिकाचा संपादक तो स्वतःच होता. शिवाय ज्या विषयात मुळात उल्लेख थोडे होतात, तिथे थोड्याशा उल्लेखांनीही पारडे एकदम झुकते. गणितात चूक नव्हती. गणित ज्याचे केले, ते चुकीचे होते.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे, आणि त्यात लबाडीचा लवलेशही नाही. 2013 साली त्याच यादीत चंडीगडचे पंजाब विद्यापीठ भारतात पहिले आले. या विद्यापीठातले भौतिकीचे संशोधक जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत वर्षानुवर्षे सहभागी होते. 2012 साली तिथे हिग्ज बोसॉन हा कण सापडला आणि त्या निबंधांचे उल्लेख धो धो होऊ लागले. या निबंधांवर हजारो सह्या असतात. 2015 मध्ये हिग्जच्या वस्तुमानाबद्दल जो निबंध छापला गेला, त्याचे लेखक पाच हजारांहून अधिक होते. 33 पानांपैकी 24 पाने नुसत्या लेखकांच्या आणि संस्थांच्या यादीची! प्रत्येक विद्यापीठाच्या खात्यावर पुरा निबंध मांडला, तर लहान खात्यात केवढी भरती येईल पहा. 2015 सालच्या यादीत हजारांहून अधिक लेखकांचे निबंध वगळले गेले आणि पंजाब विद्यापीठ बरेच खाली आले. प्रयोगशाळा त्याच, माणसे तीच. बदलली होती ती वही.

पण मला याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. वहीत जे येतच नाही, त्याचे काय? नियतकालिकांचा जो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढतात, त्यात आदल्या दोन वर्षांतल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले एवढेच पाहतात. दोन वर्षे! पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले आणि 1966 साली पुरे केले. 1259 हस्तलिखिते त्यासाठी वापरली गेली. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 चा, पाचवा 1962 चा. असल्या कामाला दोन वर्षांची फूटपट्टी लावायची कशी?

भारत सरकारची स्वतःची क्रमवारी 2016 पासून निघते. अलीकडच्या याद्यांत विद्यापीठांच्या 100 गुणांपैकी 30 संशोधनाला असतात, आणि निबंध मोजायला स्कोपस व वेब ऑफ सायन्स या परदेशी खातेवह्या घेतात. त्यांत भारतीय भाषांतली नियतकालिके अगदी मोजकी. एखाद्या तरुण अध्यापकाने साताऱ्याकडची मोडी कागदपत्रे तपासून मराठीत उत्तम निबंध लिहिला, तर त्याच्या विद्यापीठाच्या नंबरात त्याची भर शून्य. हे कळल्यावर तो पुढचा निबंध कोणत्या विषयावर आणि कोणत्या भाषेत लिहील?

मग मोजूच नये की काय? तसे नाही. सार्वजनिक पैसा जातो, त्याचा हिशेब हवाच. ब्रिटनमध्ये 1986 पासून ठराविक वर्षांनी तपासणी होते, तीत प्रत्येक विषयाच्या जाणकारांची मंडळे निवडक निबंध खरोखर वाचतात. खर्चाचे आणि वेळखाऊ काम. तिथले प्राध्यापक त्यावर कुरकुरतातही. तरी वाचून दिलेला गुण आणि मोजून दिलेला गुण यांत फरक आहेच.

2024 साली स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठाने टाइम्सच्या यादीतून अंग काढून घेतले. अशा याद्यांमुळे दर्जापेक्षा संख्येकडे ओढा वाढतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे मात्र यादीचे तक्ते भरण्यासाठी कित्येक विद्यापीठांत आता वेगळी खोली आणि वेगळी माणसे असतात.