हाडांसाठी गोळ्या : कोणी, किती आणि कशा घ्याव्यात?

आपल्या न्यासाच्या वैद्यकीय साहाय्याचे काम पाहत असता औषधांची बिले आमच्या नजरेखालून नेहमी जातात. त्यांत अलीकडे एक गोष्ट वारंवार आढळते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दोन औषधांच्या जोडीला ‘हाडांसाठी’ व ‘गुडघ्यांसाठी’ म्हणून आणखी तीन-चार डब्या असतात आणि पुष्कळदा बिलाचा मोठा भाग त्यांचाच असतो. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास हा खर्च लहान नव्हे. खर्चाचे एक वेळ सोडा. पण आमच्या परिचयाच्या एका आजींना ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असता त्या ती रोज दुधातून घेत राहिल्या. काही महिन्यांनी मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ आणि बोलण्यात भ्रम अशी लक्षणे दिसू लागली व त्यांस इस्पितळात ठेवावे लागले. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण आला होता. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. ‘शक्तीचेच औषध, जास्त घेतले म्हणून काय बिघडणार?’ हा त्यांचा समज आपल्यापैकी अनेकांचा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. हाड ही एक पेढीच समजावी. रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते. तारुण्यात भरणा अधिक होतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची पाळी थांबल्यावर, काढणे वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसास रोज 1000 मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांस 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे.

हे अन्नातून किती मिळते ते पाहू. 200 मिलिलिटरच्या पेलाभर दुधात सुमारे 240 मिलिग्रॅम मिळते. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम असते, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून 175 च्या आसपास. माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून नाचणी मागे पडून गव्हाची पोळी रुजली. पण गव्हात कॅल्शियम नाचणीच्या मानाने फार थोडे. दोन पेले दूध, वाटीभर दही, एक नाचणीची भाकरी आणि रोजची डाळ-पालेभाजी इतके पोटात गेले की आकडा हजाराच्या जवळ पोहोचतो. जी तूट उरेल तेवढीच गोळीने भरून काढावयाची असते.

गोळीवरचा आकडाही नीट वाचावा. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्केच असते. म्हणून 1250 मिलिग्रॅमच्या गोळीतून 500 मिलिग्रॅम मिळते. एका वेळी 500 हून अधिक घेतल्यास शरीर ते नीट शोषून घेत नाही. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. सायट्रेटची उपाशीपोटीही चालते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम ह्यांत चार तासांचे अंतर ठेवावे; लोहाची गोळीही निराळ्या वेळी घ्यावी.

कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. ते उन्हाने कातडीत तयार होते. परंतु खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. प्रौढांस रोज 600 एकके पुरतात. बाजारातील पुडी बहुधा 60,000 एककांची, म्हणजे शंभर दिवसांच्या गरजेइतकी असते. ती रोज घेतल्यास काय होते हे वर आलेच आहे.

मग ह्या गोळ्यांनी हाडे मोडण्याचे टळते काय? 1992 साली फ्रान्समधील वृद्धाश्रमांतील 3270 वृद्ध स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व मिळालेल्या स्त्रियांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण बरेच घटले. उलट अमेरिकेत 25,871 प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, केवळ ‘ड’ जीवनसत्त्वाने हाडे मोडणे कमी झाले नाही. ह्यांत विरोध नाही. पहिल्या प्रयोगातील स्त्रियांत कमतरता होती. दुसऱ्यातील माणसे कमतरता पाहून निवडलेली नव्हती. रिकाम्या घागरीत पाणी ओतले तर ती भरते; भरलेल्या घागरीत ओतले तर सांडते. आणि सांडलेले उपद्रवही करते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, 36,282 अमेरिकन स्त्रियांवरील प्रयोगात गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण 17 टक्क्यांनी अधिक दिसले.

सांध्यांसाठी ग्लुकोसामीन व काँड्रॉइटिन ही द्रव्ये खपतात. 2006 साली गुडघेदुखीच्या 1583 रोग्यांवर त्यांची परीक्षा झाली. सर्व रोग्यांचा मिळून विचार करता नकली गोळीपेक्षा त्यांचा विशेष लाभ आढळला नाही. ग्लुकोसामीन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून आणि काँड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात, हेही शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून ग्लुकोसामीन घेऊच नये. गुडघ्यांना खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीवरून हळूहळू उठण्या-बसण्याचा व्यायाम, रोजचे चालणे आणि वाढलेले वजन उतरविणे ह्यांस पैसा पडत नाही.

न्यासाच्या कुटुंबांस आमची विनंती एवढीच : घरातील सर्व डब्या-पुड्या एका पिशवीत घालून पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे मांडाव्यात आणि ‘ह्यांतील खरोखर आवश्यक कोणती?’ असे विचारावे. आठवड्याच्या पुडीचा वार भिंतीवरील दिनदर्शिकेवर मुलासुनांनी स्वतः लिहून ठेवावा. हाडे मोडतात ती बहुधा पडण्याने. म्हणून न्हाणीघरात धरावयास दांडी बसवावी आणि रात्री वाटेत दिवा ठेवावा. डब्यांवरील खर्चातून वाचलेले पैसे दूध, दही व नाचणीकडे वळले, तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.