दुसरी जोडणी, वेगळी वाट : इंटरनेट सेवेच्या अखंडतेचे अर्थकारण

रास्त भाव दुकानातील यंत्रावर शिधापत्रिकाधारकाचे बोट टेकले, की दूरच्या संगणकाकडून त्याच्या ओळखीची पडताळणी होते आणि त्यानंतरच धान्याचे माप पडते. बँकेच्या गावपातळीवरील प्रतिनिधीकडे निवृत्तिवेतनासाठी आलेली वृद्धा, सेवा केंद्रात दाखल्यासाठी थांबलेला शेतमजूर आणि स्पर्धा परीक्षेचे आवेदनपत्र अखेरच्या रात्री भरणारा उमेदवार यांचीही स्थिती वेगळी नसते. सेवा जोडणीवर अवलंबून असते आणि जोडणी बहुधा एकच असते. ती तुटली तर केंद्रचालकाचे थोडे कमिशन बुडते. शेतमजुराची मात्र दिवसाची मजुरी बुडते. हानी कोणाची आणि उपाययोजनेचा खर्च कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर येथे एक नसल्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता उरत नाही.

मूळ जोडणी बंद पडताच दुसऱ्या जोडणीवर आपोआप होणाऱ्या स्थलांतरास ‘फेलओव्हर’ असे म्हणतात. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेली लिनक्स ही संगणकप्रणाली परवाना शुल्काविना उपलब्ध आहे. जुना संगणक अथवा लहान राउटर या प्रणालीवर चालवून त्याला दोन किंवा अधिक जोडण्या देता येतात. लहान राउटरांसाठी २००४ पासून विकसित होत गेलेली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही लिनक्सचीच आवृत्ती आहे.

शक्यतेचे गणित

एखादी जोडणी ९९ टक्के काळ चालू असते, हे विधान ऐकण्यास समाधानकारक वाटते. वर्षाचे तास ८,७६० होतात. त्याचा एक टक्का म्हणजे ८७.६ तास, अर्थात साडेतीन दिवसांहून अधिक काळ सेवा बंद. आता तेवढ्याच भरवशाची दुसरी जोडणी घेतली आणि दोहोंचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक होते. वर्षभरातील खंड सुमारे ५३ मिनिटांवर येतो. दुसरी जोडणी तुलनेने सुमार, समजा ९५ टक्केच भरवशाची असली, तरीही एकूण खंड ४.४ तासांपलीकडे जात नाही. पर्यायी जोडणी उत्तम असण्याची गरज नसते, हा यातील महत्त्वाचा निष्कर्ष. तिसरी जोडणी घेतल्यास मात्र मिळणारा वाढीव लाभ नगण्य असतो. घटत्या सीमांत उपयोगितेचे याहून नेमके उदाहरण शोधणे कठीण आहे.

खर्चाचा विचारही असाच करता येईल. पर्यायी जोडणीस दरमहा ५०० रुपये पडतात असे गृहीत धरू. वर्षाला ६,००० रुपये खर्चून सुमारे ८३ तासांचा खंड टळतो. केंद्र दिवसाचे आठच तास चालत असेल तर उपयोगी बचत २८ तासांच्या आसपास राहते. म्हणजे एका तासाच्या खंडाची हानी सुमारे २१५ रुपयांहून अधिक असेल, तर हा खर्च समर्थनीय ठरतो. केंद्रचालक केवळ स्वतःचे उत्पन्न मोजतो, तेव्हा हा आकडा त्याला जड वाटू शकतो. रांगेतील दहा माणसांचा वाया गेलेला वेळ त्यात मिळवला, तर चित्र बदलते. अर्थशास्त्रात ज्यास बाह्य परिणाम म्हणतात तो हाच. खासगी हिशेबावर सोडल्यास समाजाच्या गरजेहून कमी गुंतवणूक होते आणि म्हणूनच सार्वजनिक सेवा देणाऱ्या केंद्रांची दुसरी जोडणी अनुदानास पात्र ठरते.

या सर्व गणिताचा आधार मात्र ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच चरातून, एकाच खांबावरून येत असतील, अथवा दोन्ही यंत्रे वीज गेल्यावर एकाच बॅटरीवर विसंबून असतील, तर देयके दोन येतात, जोडणी वस्तुतः एकच असते. प्रत्येक जोडणीच्या एक टक्का बिघाडांपैकी अर्धे बिघाड समाईक कारणांमुळे घडतात असे मानले, तर वर्षातील खंड ५३ मिनिटांवरून थेट ४४ तासांवर जातो. म्हणून एक जोडणी जमिनीखालील ऑप्टिकल फायबरची आणि दुसरी मोबाइल मनोऱ्यावरून येणारी बिनतारी, अशी निवड शहाणपणाची. त्यातही एक अडचण उरते. तो मनोरा पुढे त्याच फायबरला जोडलेला असू शकतो, आणि ग्राहकाला हे सहसा ठाऊक नसते.

राउटर निर्णय कसा घेतो

राउटरजवळ मार्गांची एक सूची असते. माहितीचे प्रत्येक पाकीट कोणत्या जोडणीने बाहेर पाठवावे, हे तो या सूचीवरून ठरवतो. ज्या पत्त्यासाठी स्वतंत्र नोंद नाही त्यासाठी ‘पूर्वनिर्धारित मार्ग’ वापरला जातो. लिनक्समध्ये असे दोन मार्ग एकाच वेळी नोंदवता येतात व प्रत्येकास ‘मेट्रिक’ नावाचा अंक देता येतो. लहान अंकाच्या मार्गास अग्रक्रम मिळतो. फायबरला १० आणि बिनतारी जोडणीला २० असा अंक दिला, की फायबरचा मार्ग सूचीत असेपर्यंत सर्व वाहतूक त्यावरूनच होते. तो वगळला गेला की दुसरा आपोआप लागू होतो.

येथपर्यंत सर्व सोपे आहे. अडचण अशी, की तुटलेला मार्ग सूचीतून वगळायचा केव्हा, हे राउटरला आपणहून कळतेच असे नाही. राउटर व मोडेम यांना जोडणारी हातभर लांबीची तार शाबूत असते, मोडेमचा दिवा हिरवा असतो, आणि फायबर मात्र चार किलोमीटरवर रस्त्याच्या खोदाईत तुटलेले असते. राउटरच्या दृष्टीने जोडणी ठणठणीत असते. तो पाकिटे निष्ठेने त्याच वाटेने पाठवत राहतो आणि ती कोठेही पोहोचत नाहीत.

यासाठी मोडेमच्या पलीकडे, दूरवरच्या संगणकांकडे ठरावीक अंतराने छोटा चाचणी संदेश पाठवावा लागतो. त्यास ‘पिंग’ म्हणतात. तेथून उत्तर आले तर वाट चालू. चाचणीचे ठिकाण मात्र एकच नसावे, कारण ते ठिकाणच काही काळ बंद असू शकते. दोन-तीन परस्परभिन्न ठिकाणे निवडावीत. आणखी एक दक्षता आवश्यक असते व नवशिक्यांकडून नेमकी तीच राहून जाते. फायबरची चाचणी फायबरवरूनच झाली पाहिजे. स्थलांतर झाल्यावर चाचणीचा संदेशही बिनतारी जोडणीने गेला, तर उत्तर हमखास येते आणि तुटलेले फायबर धडधाकट ठरते. राउटर पुन्हा त्याच मृत वाटेवर परततो, काही क्षणांनी पुन्हा बाहेर पडतो आणि हे चक्र चालू राहते. लिनक्समध्ये प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र मार्गसूची ठेवता येते आणि कोणत्या पाकिटाने कोणती सूची वापरावी याचे नियम घालता येतात. चाचणीचे संदेश या नियमांनी आपापल्या जोडणीस बांधून टाकले, की हा दोष उरत नाही.

किती चाचण्या फसल्यावर जोडणी मृत मानावी? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न परिचित वाटेल. ‘जोडणी सुस्थितीत आहे’ ही शून्य परिकल्पना मानली, तर चांगली जोडणी उगाच बाद करणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि तुटलेली जोडणी चालू समजणे ही दुसऱ्या प्रकारची. एकाच चाचणीवर निर्णय घेतला तर पहिली चूक वारंवार घडते. वीस चाचण्यांची वाट पाहिली तर दुसरी चूक लांबते आणि रांग खोळंबते. दर पाच सेकंदांनी चाचणी व लागोपाठ तीन अपयशे हा मध्यम मार्ग झाला. त्यात सुमारे १५ सेकंदांत स्थलांतर होते. मूळ वाटेवर परतताना मात्र घाई नसावी. बाहेर पडण्यास तीन अपयशे पुरेशी असली, तरी परतण्यास लागोपाठ दहा यशस्वी चाचण्यांची अट ठेवावी, म्हणजे अर्धवट दुरुस्त झालेल्या तारेवर ये-जा होत नाही.

स्थलांतर झाले तरी सर्व काही सुरळीत चालू राहते, असा समज करून घेऊ नये. जोडणी बदलली की बाहेरच्या जगास दिसणारा पत्ताही बदलतो. आधीच्या पत्त्यावरून सुरू झालेले संवाद तुटतात आणि वापरकर्त्यास बँकेच्या संकेतस्थळावर पुन्हा प्रवेश करावा लागतो. राउटरने जुन्या संवादांच्या नोंदी तशाच ठेवल्या, तर काही कामे बराच काळ अडकून पडतात. त्या नोंदी स्थलांतराच्या क्षणी पुसून टाकणे इष्ट. अर्ध्यावर तुटलेला आर्थिक व्यवहार पुन्हा करण्यापूर्वी पहिला पूर्ण झाला की नाही हे तपासावेच लागते. राउटर तेथे काहीही मदत करू शकत नाही.

बिनतारी जोडणीवर माहितीची मर्यादा असल्यास त्या काळात केंद्रातील इतर संगणकांची स्वयंचलित अद्ययावतीकरणे व चित्रफिती रोखून धराव्यात आणि ओळख पडताळणी व देयकांस अग्रक्रम द्यावा. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अनेकदा तीच घात करते : वर्षभर न वापरलेल्या सिमकार्डाची मुदत संपलेली असते. महिन्यातून एकदा फायबरची तार हाताने उपसून पाहणे, ही या व्यवस्थेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित चाचणी होय.

गावापासून सागरापर्यंत

केंद्राच्या खोलीतील हा प्रश्न देशाच्या जाळ्यातही त्याच स्वरूपात उभा राहतो. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली; पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. आरंभीच्या रचनेत गटापासून गावांकडे जाणाऱ्या तारा रेषेत होत्या. अशा रेषेवर दहा ग्रामपंचायती असतील आणि गटाजवळ एक कुदळ लागली, तर दहाही गावे अंधारात जातात. तीच रेषा शेवटच्या गावापासून पुन्हा गटापर्यंत आणून वर्तुळ पूर्ण केले, तर एका ठिकाणी तुटूनही एकही गाव तुटत नाही, कारण माहिती उलट दिशेने फिरते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात २.६४ लाख ग्रामपंचायतींसाठी अशी वर्तुळाकार रचना स्वीकारण्यात आली असून त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये धरला आहे. वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकण्याचा मोह ठेकेदारास होतो. नकाशावर वर्तुळ दिसते, जमिनीत मात्र रेषाच राहते. खोदणाऱ्याने आधी तारमालकास सूचना द्यावी, यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले; असमन्वित खोदाईमुळे देशाची दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांची हानी होते, असे त्या वेळी शासनाने नमूद केले होते.

समुद्राखालील तारांचा अनुभव अधिक बोलका आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या सागरी तारा तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील वाहतूक कोलमडली. तारा वेगळ्या, मालकही वेगळे. पण सागरी वाट एकच. पूर्वेकडून, प्रशांत महासागरामार्गे वाहतूक वळवून सेवा सावरण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तसेच घडले आणि भारतासह अनेक देशांतील सेवा मंदावली. आगरताळ्यास मार्च २०१६ मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार येथील सागरी तारेवरून १० गिगाबिट प्रतिसेकंद क्षमता मिळाली, त्यामागील युक्तिवाद हाच होता : सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून येणाऱ्या वाटेस भौगोलिकदृष्ट्या खरोखर भिन्न असा पर्याय.

अंदमान-निकोबारची गोष्ट उलट क्रमाची. तेथे आधी उपग्रह होता, तार नंतर आली. चेन्नईपासून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, व इतर बेटांना जोडणाऱ्या सुमारे २,३०० किलोमीटरच्या सागरी तारेचे लोकार्पण १० ऑगस्ट २०२० रोजी झाले. ही तार तुटली तर उपग्रहाची वाट मोकळी असते आणि ती समुद्रतळावरील नांगराच्या धक्क्यापासून पूर्णतः स्वतंत्र असते. तिची क्षमता मात्र तारेच्या तुलनेत अतिशय तोकडी असते. त्यामुळे अशा प्रसंगी रुग्णालय, बँक, शिधावाटप आणि प्रशासन यांपैकी कोणाची पाकिटे आधी जावीत, हा क्रम तार शाबूत असतानाच राउटरमध्ये लिहून ठेवावा लागतो.