अंड्यातील तीन थर

आमच्या घरी कोंबडी खुडूक बसली की आजी तिच्याखाली अंडी ठेवते. सातव्या-आठव्या दिवशी एकेक अंडे उजेडासमोर धरते. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ते पुन्हा पाटीत, नाहीतर बाजूला. गेल्या सुट्टीत तिने विचारले, "एकवीस दिसांत पिल्लू हुतंय, एवढं मला ठावं हाय. पर बलकातनं चोच नि पंख येत्यात कुठनं? तू कालिजात जातूस, सांग की." मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी, मान खाली घातली. पुढे ग्रंथालयात जे वाचले ते येथे मांडीत आहे.

मुळात पिल्लू बलकापासून होतच नाही. बलक ही त्याची शिदोरी. बलकावर एक फिकट ठिपका असतो, तोच गर्भ. फळलेले अंडे घातले जाते तेव्हाच त्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. ऊब मिळाली की पहिल्याच दिवशी त्यावर एक रेघ उमटू लागते. वरच्या पेशी या रेघेकडे सरकतात आणि तेथून खाली उतरतात. आधी उतरतात त्यांचा तळाशी अंतःस्तर होतो. मागून येणाऱ्या मध्ये पसरतात, तो मध्यस्तर. वर राहतात त्यांचा बाह्यस्तर. अंतःस्तरापासून आतड्याचे अस्तर व यकृत, मध्यस्तरापासून हृदय, रक्त, स्नायू व हाडे, तर बाह्यस्तरापासून पिसे, चोचीचे कवच आणि मेंदूही! हे थर ख्रिश्चन पांडर यांनी १८१७ साली कोंबडीच्याच अंड्यात पाहिले. आपण माणसेही अशाच तीन थरांतून घडतो.

मग बाह्यस्तरातील कोणत्या पेशींनी कातडी व्हायचे आणि कोणत्या पेशींनी मेंदू, हे कोण ठरवते? जर्मनीतील हान्स स्पेमान यांनी न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या गर्भावर प्रयोग केले. कातडी होणारा तुकडा काढून त्यांनी मेंदूच्या जागी बसवला, तर त्याचा मेंदू झाला! पुढे १९२४ साली त्यांनी व त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी दाखवले की, आत शिरणाऱ्या पेशींचा एक विशिष्ट गट शेजारच्या पेशींना ही दिशा देतो. स्पेमान यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हीच अदलाबदल थर तयार होऊन गेल्यावर केली, तर कातडीचा तुकडा कातडीच राहतो. वेळ टळलेली असते.

दिवाळीत हे सारे आजीला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजी येळेवर चांगल्या जागी पडाया पायजे म्हण की."

माझ्या परीक्षेची फी भरायला तिने चार कोंबड्या विकल्या होत्या. ती पेशींविषयीच बोलत होती की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही.