रुग्णाने घेतलेले स्वतःचे दर्शन

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शनाचा मान पहिला. मात्र ते दर्शन वैद्याचे. रुग्ण केवळ पाहिला जातो. छायाचित्रणाचा वैद्यकातील प्रवेशही असाच झाला. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात स्त्री-विभाग सांभाळणारे डॉ. ह्यू डायमंड यांनी रुग्णांची छायाचित्रे काढून १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. निदान व ओळख यांखेरीज, स्वतःचे चित्र पाहून रुग्णाचे मन सुधारते असेही त्यांचे प्रतिपादन होते. चित्र कोणते, हे अर्थात डॉक्टरच ठरवीत!

हा क्रम उलटविला तो जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार स्त्रीने. व्यावसायिक स्टुडिओत इतरांची सुंदर चित्रे काढण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. १९८२ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्या रुग्णालयात असता, विद्यार्थ्यांचा ताफा घेऊन आलेल्या एका तरुण डॉक्टरने स्वतःची ओळखही न देता त्यांच्या डाव्या स्तनावर शाईने फुली मारण्यास आरंभ केला. संपूर्ण स्तन काढण्यास त्यांनी नकार दिला व केवळ गाठ काढून घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी त्या स्तनावर स्वतःचे नाव लिहून, हा अवयव नेमका कोणाच्या मालकीचा असा प्रश्न विचारणारे छायाचित्रही त्यांनी सिद्ध केले.

पुढे रोझी मार्टिन यांच्यासह त्यांनी ‘फोटोथेरपी’ची जी पद्धती विकसित केली, ती एखाद्या विधीसारखीच होती. प्रथम दीर्घ संभाषण. आठवण कोणती हे निश्चित झाल्यावर तदनुरूप कपडे व वस्तू जमवावयाच्या. मग एकीने आपली आई, बाप किंवा शाळकरी वयातील आपणच होऊन तो प्रसंग जगावयाचा आणि दुसरीने ममत्वाने तो टिपावयाचा. सूत्रे कॅमेऱ्यासमोरील व्यक्तीच्या हाती. नंतर भूमिकांची अदलाबदल. छापील चित्रे समोर ठेवून पुन्हा बोलणे, हा तर उपचाराचा गाभाच. कौटुंबिक अल्बमात ज्यांना स्थान नसते ते आजार, अपमान, भांडणे येथे प्रथमच दृश्यरूप घेत.

मानसविकारांवर चरकाचार्यांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही साधने सांगितली आहेत. यांपैकी स्मृती आणि धैर्य यांना या पद्धतीत प्रत्यक्ष आवाहन आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तिला सत्त्वावजय म्हणणे घाईचे ठरेल. परंतु नाते दूरचे नाही.

अर्थात छायाचित्राने कर्करोग बरा होत नाही. स्पेन्स यांनी चिनी पारंपरिक वैद्यकाचाही आश्रय घेतला होता. १९९२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात नवी सत्रे करण्याचे बळ न उरल्याने जुन्याच चित्रांवर चित्रे रचून त्यांनी मृत्यूविषयीचे काम चालू ठेवले.

श्वित्र वा व्रणाच्या रुग्णाची उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आपणही काढतो, डोळ्यांवर काळी पट्टी लावून परिषदेत दाखवितो. ती प्रथम त्या रुग्णास एकांतात दाखवावीत, त्यास त्यांत काय दिसते ते विचारावे, आणि तो नको म्हणाल्यास ती कोठेही न दाखविता नष्ट करावीत.