मुलूख जत्रांचा (भाग ६) : मेंढरं राखणाऱ्या देवाची यात्रा

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की नांदेड-लातूर रस्त्याचा नूर पालटतो. टेम्पोतून माना काढलेले घोडे, संथ चालणारे उंट, शिंगांना गोंडे बांधलेली खोंडं, सगळ्यांचा रोख लोहा तालुक्यातल्या माळेगावकडे असतो. खंडोबाची देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो आणि ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’च्या गजरात जनावरांचा बाजार चढू लागतो.

घोडा घेणारा आधी त्याला चालवून पाहतो, मग अंगावरचे भोवरे तपासतो. भोवरा कुठं आहे यावर शुभाशुभ ठरतं, आणि भावही. गाढवांभोवती वडार, कुंभार नि वीटभट्टीवाले दिसतात. बैलाचे दात बघायचे : आदत, दोन दाती, चार दाती की जुळलेला? सौदा रुमालाखाली, बोटं दाबून. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही.

मान अर्थात गाई-बैलांच्या घरच्या दोन जातींचा. लाल कंधारीला यायला फार चालावं लागत नाही. लोहा तालुका कंधारातूनच वेगळा झाला. गडद तांबडा रंग, ओढकामाला चिवट. लातूरकडून येते ती देवणी, दुधाला आणि औतालाही चालणारी. तिचे प्रकार तीन : काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा आणि जवळपास पांढरीशुभ्र बालंक्या. जाणता माणूस लांबूनच ओळखतो.

जनावरांसोबत ती राखणाऱ्यांचं गाणंही येतं. अमेरिकेत नेवाडातल्या एल्को गावी १९८५ पासून हिवाळ्यात काऊबॉय कवींचा मेळा भरतो. दिवसभर घोड्यावरून गुरं वळणारी माणसं तिथं आपल्या कामावरच्या कविता तोंडपाठ म्हणतात. तो मेळा लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन सुरू केला. माळेगावला तशी गरज पडली नाही, कारण इथला देवच गडी म्हणून राबलेला. धनगराची लेक बाणाई, तिच्या ओढीनं खंडोबा धनगरवाड्यावर मेंढरं राखायला राहिला. धुवायला नेलेली मेंढरं त्यानं खडकावर आपटून मारली आणि लग्नाला होकार मिळाल्यावरच जिवंत केली! असला चाकर कोण ठेवील? पण रात्रीच्या जागरणात खंडोबाचे वाघ्या-मुरळी तुणतुण्याच्या साथीनं ही कथा रंगवतात, तेव्हा ऐकणारे मेंढपाळच सर्वांत जास्त हसतात. मग थोरली बायको म्हाळसा आणि धाकटी बाणाई यांची भांडणं सुरू होतात, नि रात्र सरते.

जिल्हा परिषद पशुप्रदर्शन, कुस्त्या आणि लावणी महोत्सव भरवते. कॅमेरे बहुतेक लावणीच्या मांडवाकडेच वळतात. ज्याला गुराख्यांचं गाणं ऐकायचंय, त्यानं उजेडापासून जरा दूर, जागरणाकडे जावं.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, आकर्षण वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. ट्रॅक्टरनं औत हिरावलं, तरी पळणाऱ्या बैलाला आता पुन्हा गिऱ्हाईक आहे. ते गिऱ्हाईक बैलात काय शोधतं, हे पुढच्या भागात उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात पाहू.